राखणीची बंदूक : खांद्याला बसेल तीच घ्यावी

भात पोटरीला आले की रानडुकरांची ये-जा वाढते आणि आपल्याकडे शेतसंरक्षणाच्या बंदुका भिंतीवरून खाली उतरतात. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि घाटावर आजरा-चंदगडकडे हे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. कोयता घेताना आपण मूठ हातात धरून बघतो. नांगर घेताना बैलाची उंची बघतो. बंदूक घेताना मात्र चौकशी दोनच, किती लांब मारते आणि बार किती मोठा होतो. राखणीच्या कामात या दोन्ही गोष्टींना फारसे महत्त्व नाही. राखणीच्या बंदुकीचा कस लागतो तो रात्रभर वागवताना, अंधारात खांद्याला लावताना आणि पहाटे घरी परत आणताना. त्यातली शेवटची वेळ सर्वांत घातक, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

आधी कायदा थोडक्यात पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येते. तिची नळी मात्र २० इंचांपेक्षा कमी नसावी. म्हणजे काडतुसाची बाराबोअर मागायची असेल तर अर्जात कारण लिहावे लागते. ‘पिकाचे नुकसान होते’ एवढेच लिहून भागत नाही. पावसात टोपी भिजते, ठासणीची बंदूक भरलेली असली की सहज रिकामी करता येत नाही, अशी कारणे पोलीस पाटलांच्या जबाबात आणि पंचनाम्यात आली तर अर्जाला वजन येते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे.

आता ठासणीची. जुनी माणसे तिच्यावर जीव टाकतात आणि त्यात निव्वळ हट्ट नाही. काळ्या दारूचा धक्का काडतुसासारखा फटकन बसत नाही, खांदा ढकलल्यासारखा वाटतो. लांब नळीमुळे वजन पुढे पडते, त्यामुळे नेम धरताना बंदूक थरथरत नाही. कोणी धरून बसला असेल तर ती त्याला बरी वाटते. पण तीच लांब नळी काजूच्या बागेतून, वेलींतून चालताना जागोजागी अडकते. बार झाल्यावर समोर धुराचा पडदा उभा राहतो. रात्री बॅटरीच्या उजेडात तर त्या धुरामुळे जनावर कुठे गेले तेच कळत नाही. शिवाय कधीकधी टोपी वाजते आणि मुख्य बार क्षणभर उशिरा होतो. नुसती टोपी वाजली म्हणून बंदूक लगेच खाली घेणे किंवा तोंडात डोकावणे जिवावर बेतू शकते. तोंड मोकळ्या दिशेला ठेवून चांगला मिनिटभर थांबावे.

ठासणीचा खरा दोष यापेक्षा मोठा आहे. ती भरली की भरली. डुक्कर आले नाही तर पहाटे तिचे करायचे काय? बार फुकट घालवायला जीव होत नाही, म्हणून भरलेली बंदूक तशीच घरात येऊन कोपऱ्यात उभी राहते. टोपी काढून ठेवतात, पण आत दारू आणि छर्रे असतातच, आणि भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. घरात शाळेतली पोरे असतात. अशा बंदुकीने काय घडते ते आपल्या भागात सांगायला नको.

काडतुसाची एकनळी या बाबतीत उजवी. कळ दाबली की नळी मोडते आणि काडतूस हातात येते. नळी दिव्यापुढे धरली तर आरपार उजेड दिसतो. गडगा ओलांडताना, चिखलाचा बांध उतरताना, ओहोळावरच्या साकवावरून जाताना ती उघडून हातावर टाकता येते. उघडलेली बंदूक उडत नाही आणि ती उघडी आहे हे मागून येणाऱ्या माणसालाही दिसते. माझ्या मते राखणीच्या बंदुकीचा सर्वांत मोठा गुण हाच. मग ती किती लांब मारते ते नंतर बघू.

डबल बार म्हणजे दुनळीचा मोह बऱ्याच जणांना होतो. दोन बार मिळतात हे खरे. शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या बंदुकीत बहुधा दोन चाप असतात. पुढचा चाप उजव्या नळीचा. त्या नळीचे तोंड थोडे मोकळे असल्याने छर्रे पसरतात. मागचा चाप डाव्या नळीचा, तिचे तोंड जास्त आवळलेले असते आणि छर्रे गोळा होऊन जातात. जनावर जवळ आहे की दूर, त्याप्रमाणे चाप निवडायचा. पण अंधारात, पावसात, थंडीने बधिर झालेल्या बोटांना हा हिशेब जमतोच असे नाही. घोडे बाहेर असलेली जुनी दुनळी असेल तर एक घोडा उतरवताना दुसरा चढलेला राहण्याची भीती असते. एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीत नजर एकाच नळीवरून जाते, म्हणून नेमबाजांना ती आवडते. मात्र खालची नळी रिकामी करायला ती जास्त मोडावी लागते आणि मचाणावर बसून ते अवघड जाते. बाराबोअर दुनळीचे वजन साधारण तीन किलोच्या आसपास असते. रात्रीत दोन-तीन फेऱ्या चढउतारावरून मारायच्या असतील तर पहाटेपर्यंत ते तीन किलो सहा वाटू लागतात.

म्हणून हलकी बंदूक घ्यावी, असे मात्र नाही. काडतूस तेच ठेवले तर बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. ज्याचा खांदा एकदा शेकला आहे तो पुढच्या वेळी चाप ओढण्याआधी डोळे मिटतो आणि चाप हिसकतो. मग नेम कुठला? वागवायला हलकी आणि उडवायला जड, या दोहोंच्या मध्ये आपापला तोल शोधावा लागतो. फिरती राखण करणाऱ्याने थोडी हलकी, माळ्यावर बसून राखणाऱ्याने थोडी जड घ्यावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते दस्त्याकडे. बाजारात दस्ता एका मापाचा येतो, माणसे मात्र सगळ्या मापांची असतात. घेण्यापूर्वी दुकानातच परीक्षा करावी. बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा, बंद करा, तोंड भिंतीकडे ठेवा. डोळे मिटून बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नजर सरळ नळीवरून टोकाच्या माशीवर गेली तर बंदूक तुमची. नळी चढासारखी लांबलचक दिसली तर दस्ता गालाखाली उंच आहे. मागचे लोखंडच दिसले आणि माशी दिसली नाही तर तो बसका आहे. दस्ता लांब असेल तर लावताना काखेत अडकतो, आखूड असेल तर बार होताना अंगठा नाकावर आपटतो. ही परीक्षा नुसत्या सदऱ्यावर करू नका. राखणीला अंगावर कांबळे किंवा प्लास्टिकचा रेनकोट असतो, तेच घालून करा.

डावखुऱ्या माणसाने विशेष काळजी घ्यावी. पुष्कळ दस्ते उजव्या खांद्यासाठी किंचित बाहेर वळवलेले असतात. डाव्या खांद्याला लावले की नजर नळीच्या बाजूला पडते. वारसाने आलेल्या बंदुकीचेही तेच. पतीच्या मागे परवाना पत्नीच्या नावावर होतो, पण सहा फुटी माणसाच्या मापाची बंदूक तिला लागू पडेल असे नाही. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून दस्ता इंचभर कमी करून घेता येतो किंवा मागे रबरी गादी बसवता येते. खर्च फार नसतो. नळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून कापू नये. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे.

तालुक्याच्या गावी आता ट्रॅक्टर आणि बागायतवाल्या मंडळींत कमरेला रिव्हॉल्व्हर असावे अशी हौस दिसते. शेतसंरक्षणासाठीच ते हवे, असेही सांगतात. पीक संरक्षणाच्या वरील तरतुदीत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल बसत नाही, त्यासाठी वेगळे आणि सबळ कारण दाखवावे लागते. कारण मिळाले तरी शेतात त्याचा उपयोग काय? पिस्तूल चपटे असते, कमरेला बरे बसते. रिव्हॉल्व्हरचे फिरते चाक बरगडीला टोचते, वाकून चिखलणी करणाऱ्याला तर नकोच होते. उलट, रिव्हॉल्व्हरचे चाक बाहेर काढले की सगळ्या गोळ्या दिसतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी नळीत एक गोळी राहू शकते आणि तीच घात करते. पण दोन्हींची नळी बोटभर-वीतभर, टेकायला खांदा नाही, मनगट जरा हलले तर दहा पावलांवरही नेम चुकतो. नागरिकांना मिळणाऱ्या .३२ बोअरच्या गोळीने जाड कातडीचे डुक्कर बहुधा जखमी होऊन अंगावर येईल. हौसेला मोल नसते म्हणतात, इथे असते.

काडतुसाबद्दल एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. जुन्या बाराबोअर बंदुकांची घरे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाची असतात, आज मिळणारी काडतुसे बहुधा ७० मिलिमीटरची. ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज बसते, म्हणून फसगत होते. उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि नळीवरचा दाब वाढतो. नळीखाली आकडा कोरलेला असतो. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून मोजून घ्यावे. आणि पल्ल्याचे म्हणाल तर, एल.जी.-एस.जी. छर्ऱ्यांचा भरवशाचा मारा तीस-चाळीस मीटरचा. चुकलेला छर्रा मात्र अर्धा किलोमीटरपलीकडेही जाऊ शकतो, आणि पलीकडच्या मळ्यात दुसरा कोणी राखणीला बसलेला असतो. नुसती हालचाल किंवा चमकणारे डोळे पाहून चाप ओढू नये. पूर्ण जनावर आणि त्याच्या मागची जमीन दिसली पाहिजे.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली वनखात्याच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तशी परवानगी घेऊन मारलेले जनावरही कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता ठरते, वाटणी करता येत नाही. गवा आणि हत्ती अनुसूची १ मध्ये आहेत. दोडामार्गाकडे हत्ती आले तर वनखात्याला कळवावे, बंदूक भिंतीवरच राहू द्यावी. राधानगरीसारख्या अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडेही नाव नोंदवायचे असते. तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. पोलीस पाटलांनी आणि ग्रामपंचायतीने हे अर्जदाराला आधीच सांगितले तर त्याचे वर्षभराचे हेलपाटे वाचतील.

निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न येतो. कोणाची जमा करायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, तेव्हा पीक उभे असल्याचे कारण दाखवून सूट मागणारा अर्ज वेळेत द्यावा. सूट मिळाली नाही तर जमा करण्यापूर्वी नळी आतून पुसून तेलाचा हात मारावा, कारण ओल्या हवेत महिना-दोन महिने पडून राहिलेली नळी गंजून परत येते. पावतीवरचा बंदुकीचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी तिथल्या तिथे ताडून पाहावा. काडतुसे जमा केली असतील तर त्यांची संख्याही पावतीवर लिहून घ्यावी.