चाळिशीनंतरची लांब पल्ल्याची सायकल

कारखान्याचा पट्टा पडला की शेतकी खात्याला थोडी उसंत मिळते. यंदा त्या उसंतीत गटागटांतून एकच विचारणा आली : पंढरपूरला सायकलने जावं म्हणतोय, पण पंचेचाळिशी उलटली, झेपेल का? विचारणारे एक-दोन नव्हते, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आधी नाशिकच्या दोन भावांची हकिगत. डॉ. हितेंद्र महाजन भूलतज्ज्ञ, डॉ. महेंद्र महाजन दंतवैद्य. २०१५ साली, थोरले ४४ वर्षांचे आणि धाकटे ३९ वर्षांचे असताना, दोघे ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत उतरले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट, पुढे दहा हजार फुटांपेक्षा उंच घाट. एकानं चालवायची, दुसऱ्यानं तेवढ्यात गाडीत पाठ टेकायची. चाक रात्रंदिवस फिरतंच. मुदत नऊ दिवसांची. त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत ती पुरी केली. अशी पुरी करणारी ही पहिली भारतीय जोडी. दवाखाने सांभाळून तयारी केली, हे आम्हाला विशेष वाटतं.

पण ती शर्यत. आपल्याला कोणाच्या पुढं जायचं नाही. हौसेनं लांब जाणाऱ्यांसाठी ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर नाही; वेळेत पोचला तो पास. हिशोब केला तर ताशी पंधरा किलोमीटर पडतात, त्यात चहापाणीही आलं. एवढ्या वेगानं आपले वडीलधारे दुधाच्या किटल्या लावून डेअरीवर जात होते.

आता पंढरपूर. नाशिकचे सायकलस्वार आषाढीआधी पंढरीची सायकल वारी काढतात. तिकडून येणारा रस्ता आपल्याच जिल्ह्यातला : लोणी, कोल्हार, राहुरी, नगर, मिरजगाव आणि पुढं करमाळा, टेंभुर्णी. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण अंतर मोजताना तोंडात नगरच येतं.) नगरहून पंढरपूर दोन दिवसांत निवांत होतं. आडसाली लागणीची धांदल सुरू व्हायच्या आत माणूस परत येतो. मात्र त्या दिवसांत वारा पश्चिमेचा. जाताना तो थोडा मागून कुशीवर बसतो, येताना थोडा समोरून. तेव्हा येताना सायकली टेम्पोत टाकाव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

खरी गोम खाण्यापिण्यात आहे. उसाला मोकाट पाणी दिलं की वाया जातं आणि ठिबकनं थोडं थोडं दिलं की मुळाशी लागतं, हे आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षं सांगतो. शरीराचंही तसंच. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यावेत, पाण्यात मीठ, साखर, लिंबू असावं. स्नायूंत साठलेली साखर दोन-अडीच तासांच्या जोराच्या मेहनतीत संपत येते, मग पायात गोळे नसतानाही माणूस एकदम बसतो. म्हणून तासाला एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे. कारखान्याच्या पत्रिकेत साखरेची तरफदारी केली असं कोणी म्हणेल. पण ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्यातलं काहीच करू नये. चढावर छातीत दाटलं, डावा हात जड झाला तर जागेवर उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. “बघू थोडं पुढं” म्हणायचं नाही.

तयारीला तीन महिने द्यावेत. पहिले पंधरा दिवस नुसतं मळ्यात जाऊन यायचं, मोटारसायकल घरी ठेवून. मग रविवारी तीस, पन्नास, ऐंशी असं वाढवत एकदा शंभर गाठायचे. शंभर झाले की पुढच्या रविवारी विश्रांती.

एका सभासदानं विचारलं, वडिलांची बावीस इंची काळी सायकल चालेल का? चालेल. वजन वीस किलोच्या घरात, गिअर नाही, चढाला उतरून ढकलावी लागेल. बेअरिंगात नवं ग्रीस भरा, ब्रेकचे गुटके बदला, मागं लाल रिफ्लेक्टर लावा. आणि सीट वर घ्या : टाच पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली तर गुडघं मिरजगावच्या आतच बोलायला लागतात.