महामारी आणि थांबलेली जहाजे

समुद्रपर्यटनासाठी बांधलेले मोठे प्रवासी जहाज म्हणजे एक तरंगते नगरच होय. भोजनगृह, नाट्यगृह, जिने, सज्जे असे सारेच तेथे सामायिक असते. हा सहवास प्रवाशांना हवाहवासा वाटतो. परंतु श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला तोच पोषक ठरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात थांबवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७०० हून अधिक जणांना कोरोनाची लागण झाली. पुढे देशोदेशींच्या बंदरांनी अशा जहाजांना प्रवेश नाकारला.

जहाज थांबले, तरी त्याचा खर्च थांबत नाही. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजालाही इंधन, देखभाल आणि कर्मचारी लागतात. उत्पन्न मात्र शून्यावर येते. मुंबईहून पर्यटकांना नेणाऱ्या ‘कर्णिका’ या जहाजाची सेवा एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली होती. महामारीमुळे तिच्या फेऱ्या बंद पडल्या आणि २०२० हे वर्ष संपण्यापूर्वीच ते जहाज मोडीत काढण्यासाठी गुजरातमधील अलंग येथे गेले.

याची सर्वाधिक झळ कर्मचाऱ्यांना बसली. जगभरच्या अशा जहाजांवर गोव्यातील अनेक जण काम करतात. प्रवासी उतरून गेले, तरी विमानसेवा बंद असल्याने यांपैकी कित्येकांना अनेक आठवडे जहाजावरच अडकून राहावे लागले. त्यांची नोकरी ठरावीक मुदतीच्या कराराची असते. फेऱ्या थांबल्या की पुढील करार मिळत नाही. म्हणूनच संकटकाळी कर्मचाऱ्यांना घरी कसे पोहोचवावे आणि त्यांचा निर्वाह कसा चालावा, याची तरतूद या व्यवसायाने आधीच करून ठेवणे आवश्यक आहे.