अर्जातील आपली ओळख

नोकरीसाठी पाठविलेला अर्ज म्हणजे आपल्या गैरहजेरीत आपल्या वतीने बोलणारा दूत होय. ज्याच्या हाती तो पडतो, त्या अधिकाऱ्याने आपला चेहरा पाहिलेला नसतो व आपला स्वभावही त्यास ठाऊक नसतो. समोरच्या एक-दोन पानांवरूनच त्याला आपल्याविषयी मत बनवावयाचे असते, आणि तेही अशा शेकडो पानांच्या गर्दीत. हा दूत अडखळला अथवा विसंगत बोलला, तर खरी योग्यता अंगी असूनही आपले काम बिघडते. पुष्कळ अर्ज उमेदवार नालायक म्हणून बाजूस पडत नाहीत. लहानसहान चुकांमुळे पडतात. म्हणून त्या चुका कोणत्या व त्या कशा टाळाव्यात, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

जयपूर शहरातील सिविल लाइंस हा भाग राज्यपाल व मुख्यमंत्री यांच्या निवासस्थानांमुळे सर्वांना परिचित आहे. मराठी माणसालाही तो परका नाही. वसंतदादा पाटील १९८५ ते १९८७ या काळात आणि प्रतिभाताई पाटील २००४ ते २००७ या काळात राजस्थानचे राज्यपालपद भूषवीत येथे राहिल्या. २०२४ मध्ये हरिभाऊ बागडे यांनी त्याच पदाची सूत्रे हाती घेतली. अर्थात असली पदे अर्ज करून मिळत नसतात! आपला विषय आहे तो बदलीच्या नोकरीमुळे अथवा व्यवसायामुळे परप्रांती बिऱ्हाड थाटणाऱ्या साध्या कुटुंबांचा.

समजा, असेच एक कुटुंब पुण्याहून सिविल लाइंसमध्ये येऊन राहिले आहे. थोरली मुलगी महाराष्ट्र मंडळाची दहावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन आली. पुढे १९४७ मध्ये राजपुताना विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या आजच्या राजस्थान विद्यापीठातून तिने पदवी घेतली. आता ती नोकरीसाठी अर्ज लिहावयास बसली आहे. तिच्या शेजारी बसून आपण तो अर्ज पाहू या.

नाव एक, लेखन एक

पहिल्याच रकान्यात अडचण उभी राहते. महाराष्ट्राच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव व शेवटी वडिलांचे नाव असते. राजस्थानात वडिलांचे व आईचे नाव स्वतंत्र ओळींत लिहितात. परिणामी दहावीच्या कागदावर एक नाव, पदवीच्या कागदावर दुसरे आणि आधारपत्रावर तिसरे, असा प्रकार घडतो. माणूस एकच, पण कागदपत्रे तपासणाऱ्याच्या दृष्टीने त्या तीन व्यक्ती ठरू शकतात.

यावर उपाय सोपा आहे. दहावीचे प्रमाणपत्र हा पाया मानावा आणि त्यावरील नाव अक्षरशः तसेच सर्वत्र लिहावे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक होऊ देऊ नये. नाव, मधले नाव व आडनाव यांचे रकाने वेगळे असतील, तर कोठे काय लिहावयाचे ते सूचना वाचून ठरवावे. विवाहानंतर नाव बदलले असल्यास विवाह-नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील प्रसिद्धी हाताशी ठेवावी. कागदांत तफावत असेल, तर ती जाहिरात निघण्याची वाट न पाहता आधीच दुरुस्त करून घ्यावी. कारण कचेरीच्या कामास आठवडे लागतात व अर्जाची मुदत दिवसांची असते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये उमेदवारांसाठी एकदाच करावयाच्या नोंदणीची पद्धत सुरू केली. त्यामुळे पुनःपुन्हा तीच माहिती भरण्याचा त्रास वाचला. मात्र अशा नोंदणीत एकदा झालेली चूक पुढील प्रत्येक अर्जात आपोआप उतरते. हेही ध्यानी असावे.

शब्द ओळखीचा, अर्थ वेगळा

मराठी व हिंदी यांची लिपी एक असल्याने आपण हिंदी अर्ज भराभर वाचीत जातो आणि तेथेच फसतो. आपल्याकडे ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहून मोकळे होणाऱ्याने आपली पदवीच पुसून टाकली असे होईल! आपल्याकडे ‘वर्ग’ म्हटले की शाळेची इयत्ता आठवते. हिंदी अर्जात ‘वर्ग’ या शब्दाने बहुधा सामाजिक प्रवर्ग विचारलेला असतो. आपण ज्यास अधिवासाचा दाखला म्हणतो, तो राजस्थानात ‘मूल निवास’ या नावाने मागतात. शंका आल्यास अंदाजाने भरू नये, माहितगारास विचारावे.

प्रवर्गाविषयी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातील जातीचे प्रमाणपत्र राजस्थान सरकारच्या नोकरीतही तसेच चालेल, असा अनेकांचा समज असतो. परंतु एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस दुसऱ्या राज्याच्या सेवेत त्या आधारे आरक्षण मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून परप्रांतात अर्ज करताना जाहिरातीतील आरक्षणविषयक अटी प्रथम वाचाव्यात, मग रकाना भरावा.

रामानुजनांचा अर्ज

शिक्षण अपुरे राहिले, मध्ये दोन-तीन वर्षे घरी काढावी लागली, तर ते कसे लिहावे? येथे पुष्कळांचा हात थरथरतो. कोणी वर्षे मागेपुढे करतो, कोणी अपूर्ण अभ्यासक्रम पुरा झाल्याचे भासवितो. अशांनी श्रीनिवास रामानुजन यांचा अर्ज आठवावा.

९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. त्यात चार गोष्टी होत्या. आपण मॅट्रिक उत्तीर्ण आहोत, एफ. ए. पर्यंत शिकलो, पण प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढील शिक्षण खुंटले. मधला सर्व काळ गणिताच्या अभ्यासात घालविला. आणि हे काम आपण नीट करू असा विश्वास वाटतो. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. १ मार्च रोजी ते दरमहा ३० रुपयांवर कामास लागले.

त्यातील कौशल्य पाहा. ‘एफ. ए. उत्तीर्ण’ असा दावा नाही. ‘तेथपर्यंत शिकलो’ एवढेच आहे. खंड लपविलेला नाही, आणि त्याविषयी रडगाणेही गायिलेले नाही. त्या काळात काय केले ते मात्र सांगितले आहे. आपणही असेच लिहावे. घरातील आजारी माणसाची शुश्रूषा, परीक्षेची तयारी, मुलांचे संगोपन, जे खरे असेल ते एका ओळीत सांगावे. प्रामाणिक कारण असलेला खंड हा कलंक नव्हे.

पण या थोर पुरुषाच्या हातूनही एक तपशील सुटला होता. १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांस लिहिलेल्या प्रख्यात पत्रात त्यांनी आपले वय सुमारे २३ वर्षे असल्याचे म्हटले. वस्तुतः त्यांना २५ वर्षे पुरी झाली होती. हार्डींना त्यांच्या गणिताशी कर्तव्य होते, वयाशी नव्हे. नोकरीच्या अर्जात असा उदारपणा कोणी दाखवील, या भरवशावर राहू नये. जन्मतारीख स्मरणावरून नव्हे, प्रमाणपत्र समोर ठेवून लिहावी.

आकडे आणि विशेषणे

गुणांच्या बाबतीतही हाच नियम. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या श्रेणी-पद्धतीत सरासरी गुणांकास ९.५ ने गुणून सूचक टक्केवारी काढण्याची रीत घालून दिली होती. त्या हिशेबाने ९ गुणांकाचे ८५.५ टक्के होतात. म्हणून तीच रीत प्रत्येक विद्यापीठास लागू पडते असे नव्हे. आपल्या गुणपत्रकावर जी रीत दिली असेल, तीच वापरावी.

खाजगी संस्थेकडे आत्मपरिचय पाठविताना दोन पानांची मर्यादा पुरेशी आहे. अलीकडचे काम आधी व जुने नंतर लिहावे. ‘कष्टाळू’, ‘हुशार’, ‘कर्तव्यदक्ष’ ही विशेषणे कोणीही स्वतःस लावू शकतो. त्यांऐवजी कोठे, केव्हा, कोणते काम केले ते सांगावे. ‘मला हिशेबाची उत्तम जाण आहे’ यापेक्षा ‘दोन वर्षे दुकानाच्या रोजच्या जमाखर्चाची वही ठेवली’ हे वाक्य अधिक वजनदार असते. एकच मजकूर सर्व ठिकाणी धाडू नये. जाहिरातीत जे मागितले असेल ते ठळकपणे दिसावे. आधार क्रमांक, धर्म किंवा कुटुंबातील सर्वांची माहिती न मागता देण्याचे कारण नाही. नोकरी देण्यासाठी कोणी आधी पैसे मागू लागला, तर तेथे अर्जच करू नये.

सहीपूर्वी

अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा असते. ती केवळ शोभेची नव्हे. पडताळणीच्या वेळी माहिती दडविणे अथवा खोटी देणे यामुळे निवड रद्द होऊ शकते, लागलेली नोकरीही जाऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंह प्रकरणात स्पष्ट केले. खोट्या ओळीने मिळविलेली जागा पुढे कित्येक वर्षे धाक लावून बसते.

म्हणून लिहून झाल्यावर अर्ज एक रात्र बाजूस ठेवावा व सकाळी घरातील दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. वडिलांनी मूळ प्रमाणपत्रे हातात धरावीत, मुलीने अर्ज वाचावा आणि नाव, तारीख, वर्ष, गुण एकेक करून पडताळावे. दूरध्वनी क्रमांक व ई-मेलचा पत्ता पुन्हा तपासावा. त्यातील एक अंक चुकला, तर मुलाखतीचे बोलावणे भलत्याच दारी जाते. पाठविलेल्या अर्जाची एक प्रत जपून ठेवावी, कारण मुलाखतीत प्रश्न त्यावरूनच विचारले जातात. एवढे केल्यावर सही करावी आणि अंतिम तारखेच्या चार दिवस आधी अर्ज रवाना करावा.