चला, कॉन्टेसा घेऊन कशेडीला!

मसल कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लांबलचक बॉनेट, गुरगुरणारं व्ही-एट इंजिन आणि हॉलिवूडचा हिरो. १९६४च्या पाँटिअॅक जीटीओचं इंजिन तब्बल ६.४ लिटरचं होतं. आपल्याकडे हा रुबाब मिरवला तो कॉन्टेसाने. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा साचा घेऊन हिंदुस्तान मोटर्सने १९८४मध्ये ही गाडी बाजारात आणली. दिसायला एकदम दादा, पण सुरुवातीचं इंजिन अॅम्बेसेडरचंच. दीड लिटर, पन्नासेक हॉर्सपॉवर! पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे अंगापिंडाला शोभेल असा दम आला. २००२मध्ये उत्पादन थांबलं.

अशी एखादी कॉन्टेसा काकांच्या पडवीत धूळ खात उभी असेल, तर तुमच्यासारखे लकी तुम्हीच. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ १९९५पासून दरवर्षी वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते. जुन्या गाड्या काढायच्या आणि रमतगमत फिरवायच्या, बस्स! आपल्याला मुंबई-गोवा हायवे काय वाईट आहे? महाड, पोलादपूर आणि मग कशेडी घाट. २०२३च्या गणपतीत बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी खुली झाली आणि पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांवर आला. पण जुन्या गाडीची खरी मजा वळणांत. जुना घाटरस्ता निवडणार असाल तर भर पावसात नको. दरडी कोसळतात.

आणि बॉस, घाटात नुसता रुबाब चालत नाही. चढताना गाडी बंद पडली तर फार तर फजिती होईल. उतरताना ब्रेक गेला तर? म्हणून चार वीकेंडचा फंडा सिंपल आहे: आधी थांबणं, मग थंड राहणं, मग धावणं. चकाकणं सगळ्यात शेवटी.

पहिला वीकेंड : ब्रेक

गाडी सपाट जागी घ्या, जॅकवर उचला आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली अजिबात शिरू नका. चाकं काढून लाइनर किती उरलेत, व्हील सिलिंडर गळतो का, ते बघा. आतली काळी धूळ फुंकू नका. जुन्या लाइनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइल मात्र डोळे मिटून बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४०पर्यंत खाली येऊ शकते. लांबलचक उतारावर ऑइल उकळलं की पाइपात वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जातं. नवं ऑइल भरल्यावर हवा काढायला दोघं लागतात; एक पेडलवर, एक चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. मास्टर सिलिंडरच गळत असेल तर हिरोगिरी नको, सरळ मिस्त्री गाठा. आणि काम तुम्ही केलं असलं तरी रस्त्यावर काढण्याआधी एकदा त्याच्याकडून तपासून घ्या.

दुसरा वीकेंड : इंजिन थंड ठेवा

रेडिएटर धुवा, कूलंट बदला. होज पाइप दाबून बघा. कडक किंवा भेगाळलेला असेल तर कचऱ्यात. फॅन बेल्ट नवा घाला, जुना डिकीत ठेवा. घाटात काटा लाल पट्टीकडे सरकला तर जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. चहा घ्या, तोवर तापमान उतरेल!

तिसरा वीकेंड : पेट्रोल आणि टायर

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कॉन्टेसाच्या जमान्यातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल चालेल असंच घ्या, फिल्टर नवा लावा. टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल काढून टाका. प्लग आणि पॉइंट साफ करा.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर कितीही गोंडस दिसला तरी घाटात नको.

चौथा वीकेंड : कागद आणि पॉलिश

सगळ्यात तरुण कॉन्टेसानेही आता विशी ओलांडलीय. १५ वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि २०२५पासून वीस वर्षांपुढच्या कारसाठी त्याची फी १० हजार रुपये झाली आहे. २०२१च्या नियमांतला व्हिंटेजचा ‘व्हीए’ नंबर हवाय? त्यासाठी गाडी पन्नाशीची हवी. म्हणजे पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही २०३४ उजाडणार! इन्शुरन्स, पीयूसी झालं की मग खुशाल पॉलिश मारा.

आणि प्रत्यक्ष घाटात?

ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला आराम मिळतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणं किंवा इंजिन बंद करणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा.

उतार संपला की थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. स्पर्श नको, नुसती धग जोखा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. तो तिथेच दुरुस्त करून घ्या, ग्रुप फोटो नंतर!