सहा खासदारांचा देश आणि आपल्या चार्जरची पिन

मी होसकोटेहून बोलतोय. बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्यानं निघालात की आमचं गाव लागतं. त्याच रस्त्यानं पुढे कोलारच्या दिशेला नरसापुरा औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या टाटांच्या कारखान्यात आयफोन जुळवले जातात. आता मला सांगा, त्या फोनला चार्जरची कुठली पिन बसावी, हे कुणी ठरवलं? दिल्लीनं नाही आणि बंगळूरनंही नाही. तो कायदा मंजूर झाला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात, युरोपीय संसदेत. कंपनीनं २०२३ पासून नवे फोन टाइप-सीचे केले, त्याचं मोठं कारण हा कायदा होतं.

म्हणजे ज्या सभागृहासाठी आपण मत देत नाही, त्याचा निर्णय आपल्या खिशापर्यंत येतो. म्हणून आज ते सभागृह चालतं कसं, ते पाहू. शेवटी एक प्रश्न आपल्याच दारात येणार आहे, तोही बघू.

युरोपीय संघात २७ देश आहेत आणि संसदेत ७२० सदस्य. पूर्वी त्या त्या देशाची संसद आपल्यातले काही सदस्य तिथं पाठवायची. १९७९ मध्ये पहिल्यांदा लोकांनी थेट मतदान केलं. तेव्हापासून दर पाच वर्षांनी निवडणूक होते. २०२४ मध्ये आपला लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला आणि तिकडचं मतदान ६ ते ९ जूनला झालं. प्रत्येक देश आपापला वार ठरवतो. पण एक अट सगळ्यांना सारखी आहे : मतांच्या प्रमाणात जागा. आपल्यासारखं ‘ज्याला जास्त मतं तो एकटा जिंकला’ असं तिथं चालत नाही.

आणखी एक गंमत. पोर्तुगालचा माणूस नोकरीसाठी जर्मनीत राहत असेल, तर या निवडणुकीत तो जर्मनीतल्या उमेदवारांना मत देऊ शकतो, तिथं उभाही राहू शकतो. हे ऐकून मला आपलंच वाटलं. माझी मातृभाषा मराठी, पण होसकोटे चिक्कबळ्ळापूर लोकसभा मतदारसंघात येतं, म्हणून माझं मत तिकडे.

निवडून आल्यावर हे लोक बसतात कसे? जर्मन एका बाजूला, फ्रेंच दुसऱ्या बाजूला, असं नाही. विचारांप्रमाणे गट होतात : समाजवादी, उदारमतवादी, हरित, उजवे वगैरे. गट बांधायला किमान २३ सदस्य लागतात आणि ते निदान सात देशांचे असावे लागतात. एका देशाच्या लोकांनी एकत्र येऊन गट केला, असं होऊच शकत नाही. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो.

भाषा २४. माल्टाचा सदस्य माल्टी बोलतो, फिनलंडचा फिनिश, आणि प्रत्येक जण कानाला यंत्र लावून आपल्या भाषेत ऐकतो. फिनिशमधून थेट माल्टीत बोलणारा दुभाषा नसेल, तर मध्ये इंग्रजीसारखी तिसरी भाषा घेतात. खर्च होतोच. पण कायदा ज्याला लागू होणार, त्याला तो आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे, हे त्यांनी मान्य केलंय. आपल्या लोकसभेतही आता मराठी-कन्नडसह अनेक भाषांत दुभाष्यांची सोय आहे, हेही सांगायला हवं.

आता अधिकार. चार्जरचंच उदाहरण घ्या. ही संसद स्वतः विधेयक मांडू शकत नाही. ते युरोपीय आयोग मांडतो. आयोगानं सप्टेंबर २०२१ मध्ये मसुदा आणला. तो संसदेच्या समितीकडे गेला. दुसरीकडे सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद असते, तिच्याशी वाटाघाटी झाल्या. जून २०२२ मध्ये तडजोड ठरली. ४ ऑक्टोबरला संसदेत मतदान झालं : बाजूनं ६०२, विरोधात १३, तटस्थ ८. मग परिषदेनं मान्यता दिली. दोघांची संमती लागते. एकानं नाही म्हटलं तर कायदा अडला. शिवाय आयोगाच्या अध्यक्षांची निवड याच संसदेच्या बहुमतानं होते आणि दोन तृतीयांश मतांनी ती अख्खा आयोग घालवू शकते. १९९९ मध्ये तशी वेळ येताच जाक सांतेर यांच्या आयोगानं आधीच राजीनामा दिला.

त्या चार्जर कायद्याची संसदेतली जबाबदारी ज्यांच्याकडे होती, ते अ‍ॅलेक्स अजियस सालिबा माल्टाचे. संसदेच्या अध्यक्षा रॉबेर्टा मेत्सोला, त्याही माल्टाच्या. माल्टाच्या जागा किती? सहा. जर्मनीच्या ९६. करारच सांगतो : कुठल्याही देशाला सहापेक्षा कमी नाहीत, ९६ पेक्षा जास्त नाहीत. त्यामुळे जर्मनीत साधारण पावणेनऊ लाख लोकांमागे एक सदस्य, तर माल्टात लाखापेक्षाही कमी लोकांमागे एक. माल्टाच्या मताचं वजन नऊपट झालं की! जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००९ मध्ये या विषमतेवर बोट ठेवलं होतं. तक्रार खोटी नाही. पण ही विषमता नसती, तर लहान देशांनी या घरात पाऊल ठेवलं असतं का?

आता प्रश्न आपल्या दारात. आपली घटना सांगते, राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात लोकसभेच्या जागा. पण १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीनं हे वाटप १९७१ च्या जनगणनेवर थांबवलं. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा हेतू. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. उत्तर प्रदेश ८०, महाराष्ट्र ४८, कर्नाटक २८, गोवा २, हे आकडे त्या वाटपातले. राज्यसभेतही गोव्याला एकच जागा.

म्हणजे युरोपनं विषमता उघड लिहून ठेवली, आपण तारीख पुढे ढकलत ती सांभाळली. जागांचं वाटप पुन्हा करायचं म्हटलं की दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं ठरतं. उत्तरेतला मतदार म्हणतो, माझं मत हलकं का? दक्षिणेतला म्हणतो, कुटुंब लहान ठेवलं याची शिक्षा का?

युरोपचा नियम उचलून इथं लावा, असं मी म्हणत नाही. ते २७ स्वतंत्र देश, आपण एक देश. त्यांच्याकडून घ्यायची ती एक गोष्ट : कमी जागा असलेल्याचं वजन फक्त जागांतून ठरत नाही. समितीत काम मिळतं का, स्वतःच्या भाषेत बोलता येतं का, पक्ष राज्याच्या सीमा ओलांडून बांधले जातात का, यावरही ते ठरतं. सहा जागांच्या माल्टानं चार्जरचा कायदा पार नेला, तो असा. मतदारसंघांची चर्चा निघेल तेव्हा ‘किती जागा?’ याच्या पुढचे हे तीन प्रश्नही विचारा. तुम्ही कोल्हापुरात असा, बेळगावात असा, इंदूरला असा किंवा माझ्यासारखे होसकोटेत.

भेटू पुढच्या भागात.