आधी खरवडणी, मग शीड

छोट्या होडीची डागडुजी म्हणजे फेरीआधीची कटकट, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते ती निम्मी फेरीच असते. कोकणातल्या खाडीत दिवसाचा क्रमही तसाच लागतो. सकाळची ओहोटी धरून होडी वाळूवर कलती टेकवली की पाणी वर येईपर्यंत काही तास हाती असतात. तेवढ्यात बुडावरचं शेवाळ नि शिंपल्यांचे थर खरवडायचे, फळ्यांच्या सांध्यांतला कुजका कापूस उकरून नवा ठोकायचा. लाकूड वाळलं की आकसतं नि सांधे उघडतात. भिजलं की फुगून मिटतात. म्हणून कापूस गच्च ठासणंही घातकच, कारण फुगलेली फळी खिळ्यांवर ताण देते. एकाने हातोडी चालवावी, मित्राने बोटांनी सांधा चाचपत पुढे सरकावं. भरतीला हीच जोडी पाण्यावर असते, एकाकडे सुकाणू नि दुसऱ्याकडे शिडाची दोरी. दुपारचा खारा वारा आत नेतो, संध्याकाळची ओहोटी परत आणते.

अशा हातकामाचं मोल 'सुहेली'च्या सफरीत दिसतं. मुंबईत बांधलेल्या या सागवानी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी फालमथहून एकटे निघाले आणि 22 एप्रिल 1969 रोजी, वाटेत कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. अटलांटिकमध्येच नौकेत पाणी येऊ लागलं होतं. त्यांनी बुड्या मारून सांध्यात कापूस भरून पाहिला. तो टिकेना, तेव्हा कापूस कॅनव्हासच्या पट्टीवर शिवून ती तांब्याच्या चुकांनी बुडाला ठोकली. मध्येच शार्क आला, हे वेगळंच! नौका बांधली जात असताना ते मुंबईत होते, ही जवळीक तिथे कामी आली असणार.

आता फायबरच्या होड्या आल्या, मग हा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. फायबरला कापूस लागत नाही, हे खरं. पण डोलकाठीला ताणून धरणारी तार गंजतेच आणि दोऱ्या उन्हाने ठिसूळ होतातच. पैसे देऊन काम करून घेता येतं, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. हात बसलेला नसेल तर सांधे भरणं जाणत्या सुतारानेच करावं. मात्र तेव्हा शेजारी बसून बघावं, कारण भर खाडीत पाणी शिरलं तर सुतार बरोबर नसतो. पाऊस सरला, होड्यांवरची झापं निघाली, की ओळखीच्या होडीवाल्याला फेरीचं विचारण्याआधी खरवडायला येऊ का, असं विचारा.