फुलाआधी कड

पर्शियन आखातातल्या बहरीनमध्ये कलात अल-बहरीनचा किल्ला ज्या टेकाडावर उभा आहे, ते टेकाड माणसांनीच रचलेलं आहे. इ. स. पूर्व 2300 च्या सुमारापासून पडक्या घरांवर नवी घरं चढत गेली. 1954 पासून डॅनिश आणि नंतर फ्रेंच पथकांनी तिथे खणलं, तेव्हा वरच्या, मध्ययुगीन थरांत चिनी भांड्यांची खापरंही सापडली. शेजारच्या संग्रहालयात काचेला नाक लावून बघताना माझी नजर आधी नक्षीवर जाई. जाणकाराची जाते ती फुटलेल्या कडेवर.

कारण नक्षीतल्या फुलाची नक्कल होते. निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांवर इराणी कुंभार इतके लुब्ध झाले की कमळ, वेली, ढग सगळं त्यांनी उतरवलं. फक्त ती माती त्यांच्याकडे नव्हती. चीनमधल्या जिंगदेझेनचं भांडं तेराशे अंशांच्या आसपास भाजतं, आत काच धरते, आणि फुटलं की कड पांढरी, घट्ट दिसते. इराणी भांड्याची कड रवाळ, भुसभुशीत. नखाने टिचकी मारली तर एक खणखणतं, दुसरं बद्द वाजतं. याहून सोपी परीक्षा जिभेची : सच्छिद्र कड ओल्या जिभेला चिकटते, पोर्सिलेनची चिकटत नाही.

संग्रहालयात जीभ लावायला कोण देणार? घरी येऊन कान तुटलेला कप आणि दिवाळीतली फुटकी पणती घेऊन बसलो. पणती जिभेला अशी धरली की ओढून काढावी लागली. कप निर्विकार. बायको दारात उभी राहून बघत होती. तिला काय सांगणार!

फुलाची पाळी त्यानंतर. कोबाल्टचा रंग कच्च्या, कोरड्या भांड्यावर लावतात. ती माती पाणी लगेच शोषते, म्हणून रेघ खोडता येत नाही. कुंचला जिथे रेंगाळला तिथे रंग साचतो. वर झिलई चढवून भाजेपर्यंत फूल काळपट, मळकं दिसतं. निळं होतं ते भट्टीतच. जुन्या खापरावर पाकळीच्या टोकाशी गडद, काळसर ठिपके दिसले, तर चित्रकाराचा हात तिथे क्षणभर थांबला असावा असं समजायचं.

आणि चीनच्या युआन राजवटीतला तो उत्तम कोबाल्ट आला कुठून? इराणातून. चीनला जाऊन, फूल होऊन, याच आखातात परतलेला.